मोठ्या शहरातील हिवाळी पक्षिनिरीक्षण : नवख्यांनी सुरुवात कशी करावी

पक्षी पाहायचे तर शहर सोडून दूर रानात जावे लागते, अशी अनेकांची समजूत असते आणि त्या समजुतीपायी पुष्कळ जण सुरुवातच करत नाहीत. हिवाळ्यापुरती तरी ही समजूत खरी नाही. सिमेंट आणि डांबर दिवसभर तापते व ती ऊब रात्री सावकाश सोडते, त्यामुळे शहराच्या मध्यभागी रात्रीचे तापमान भोवतालच्या शेतांपेक्षा काही अंशांनी जास्त राहते. वीजकेंद्रे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांतून बाहेर पडणारे पाणी कोमट असल्याने, बाहेरची तळी गोठली तरी त्यांच्या तोंडाशी पाणी मोकळे राहते आणि त्यावर किडेही टिकून राहतात. उद्यानांतील झाडांची फळे, घरोघरी पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, दिव्यांच्या उजेडात लांबलेली संध्याकाळ, या साऱ्यांमुळे थंडीत शहर हे पक्ष्यांचे आश्रयस्थान बनते.

नवख्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी की विणीच्या हंगामात पुष्कळ पक्ष्यांच्या जोड्या आपापली हद्द राखून एकमेकांपासून दूर राहतात, तर हिवाळ्यात बहुतेक पक्षी एकवटतात. पाण्यावर एकवटतात, अन्नावर एकवटतात, रात्री झोपायला एकवटतात. म्हणून हिवाळी पक्षिनिरीक्षणाचे निम्मे कौशल्य पक्षी शोधण्यात नसून ते कोठे जमतात हे हेरण्यात आहे. सर्बियातील किकिंडा या गावाच्या भर चौकातील झाडांवर दर हिवाळ्यात लांब कानांची घुबडे शेकड्यांनी येऊन बसतात आणि माणसे त्यांच्याखालून बाजाराला जातात. हाँगकाँगच्या गगनचुंबी इमारतींच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या माय पो दलदलीत काळ्या चेहऱ्याचा चमचा हा जगातील दुर्मीळ पक्षी हिवाळा काढतो. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधल्या ठाणे खाडीत हजारोंच्या संख्येने रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. ही ठळक उदाहरणे झाली, परंतु लहान प्रमाणावर हेच चित्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात दिसते.

पक्ष्यांची यादी शहरागणिक बदलते. पुढे ज्या पक्ष्यांची उदाहरणे दिली आहेत ते बहुतांशी युरोप आणि आशियाच्या विस्तीर्ण भागांत हिवाळ्यात आढळणारे आहेत. आपल्या शहरात त्यांतला एखादा नसेल तर त्याच्या जागी त्याच्यासारखेच राहणारा दुसरा कोणी असेल.

पहिली पायरी : एकच जागा निवडावी आणि तिच्याशी एकनिष्ठ राहावे

नवखा निरीक्षक साधारणपणे पहिल्याच महिन्यात शहरातील पाच-सहा प्रसिद्ध ठिकाणे पालथी घालतो, प्रत्येक ठिकाणी एकेकदा जातो आणि अखेर त्याच्या हाती नावांची एक यादी उरते, ज्यातील निम्मी नावे त्याच्या सोबत्यांनी सांगितलेली असतात. माझा आग्रह याच्या अगदी उलट आहे. घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी एक जागा ठरवावी आणि संपूर्ण हिवाळा आठवड्यातून किमान एकदा तिथेच जावे. एखाद्या जागेवर नेहमी कोण असते हे पक्के ठाऊक झाल्याशिवाय नवा पाहुणा आला आहे हे कळत नाही. ओळखीच्या शंभर पक्ष्यांत एकशे एकावा वेगळा दिसणे, हे या छंदातील सर्वांत मोठे सुख आहे आणि ते धावपळ करणाऱ्याच्या वाट्याला क्वचित येते.

जागेत पाणी असावे, एवढी एकच अट घालावी. तलाव असो, नदीचा घाट असो, खाडीचा किनारा असो किंवा उद्यानातील लहान तळे असो, पाण्याने निरीक्षकाचे काम फार सोपे होते, कारण पाण्यावरचे पक्षी आकाराने मोठे असतात, उघड्यावर असतात आणि तासन्‌तास एका जागी राहतात. पाण्याच्या कडेला थोडी जुनी झाडी आणि थोडे न कापलेले गवत असेल तर उत्तमच. अतिस्वच्छ, आखीवरेखीव बागेपेक्षा कोपऱ्यात पालापाचोळा साचलेली, झुडपे माजलेली बाग पक्ष्यांना अधिक प्रिय असते. जुनी दफनभूमी, महाविद्यालयाचे आवार, रेल्वेमार्गालगतची पडीक पट्टी यांचाही विचार करावा, मात्र जिथे प्रवेशाला परवानगी लागते तिथे ती आधी घ्यावी.

एकाच जागी वारंवार जाण्याला पक्ष्यांच्या बाजूनेही आधार आहे. अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून असे दिसून आले आहे की कुरवांसारखे (सीगल) अनेक स्थलांतरित पक्षी वर्षानुवर्षे हिवाळ्यात त्याच शहरात, कित्येकदा त्याच तळ्यावर परत येतात. गेल्या वर्षी ज्या कठड्यावर एखादा पक्षी बसत होता, तिथेच यंदा बसलेला पक्षी तोच असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी पायरी : दुर्बीण, आणि ती वापरण्याची सवय

साधनांवर फार वेळ घालवू नये. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, आणि हिवाळ्यातील मंद, धुकट उजेडात ही जाडी उपयोगी पडते. खिशात मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणीत ती तीनच मिलिमीटर असते, म्हणून ती दुपारी चांगली वाटते आणि सांजवेळी निरुपयोगी ठरते. दहा किंवा बारा पटीच्या मोहात नवख्याने पडू नये. जितकी पट जास्त तितका हाताचा कंपही जास्त दिसतो आणि तितकाच दृष्टीचा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे पक्षी सापडण्याआधीच उडून जातो.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेणे हे एकदाच करायचे काम आहे, पण पुष्कळ जण ते करतच नाहीत आणि मग दुर्बिणीला दोष देतात. प्रथम दोन्ही नळ्यांमधील अंतर असे ठेवावे की दोन वर्तुळांऐवजी एकच वर्तुळ दिसेल. मग उजवे भिंग तळहाताने झाकून, दूरच्या एखाद्या पाटीवरील अक्षरे डाव्या डोळ्याने पाहत मधले चाक फिरवून ती स्पष्ट करावीत. त्यानंतर डावे भिंग झाकून तीच अक्षरे उजव्या डोळ्याने पाहावीत आणि या वेळी मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रिकेजवळची, म्हणजे डोळ्याला लावायच्या भागाजवळची, कडी फिरवावी. ही कडी पुन्हा हलवायची नाही. पुढे सारे काम मधल्या चाकाने होते. चष्मा असेल तर नेत्रिकेवरचे रबरी कप खाली दुमडावेत.

पक्ष्यावर दुर्बीण नेण्याची रीत अशी की नजर पक्ष्यावरून मुळीच हलवायची नाही आणि दुर्बीण वर उचलून डोळ्यांसमोर आणायची. आधी खाली दुर्बिणीकडे पाहिले की फांदी हरवते. घरी बसून समोरच्या इमारतीवरील अँटेना, पाण्याची टाकी, तारेवरची गाठ यांवर आठवडाभर सराव केला तर ही सवय हाताला लागते. सराव करताना आणि पुढेही शहरात एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. दुर्बीण कधीही लोकांच्या खिडक्यांकडे वळवू नये. पक्षी खिडकीच्या कठड्यावरच बसला असेल तर तो दुसरीकडे जाईपर्यंत थांबावे. लष्करी आस्थापना आणि विमानतळ यांच्या परिसरातही दुर्बीण गळ्यात न ठेवणेच शहाणपणाचे आहे.

थंडीत उभे राहिल्याने सर्वांत आधी पाय गारठतात, म्हणून जाड मोजे आणि जाड तळव्याचे बूट यांकडे कोटापेक्षाही अधिक लक्ष द्यावे. कपडे मळकट रंगाचे आणि हालचालीबरोबर न सळसळणारे असावेत. घरी परतल्यावर गार झालेली दुर्बीण लगेच उबदार खोलीत उघडी ठेवली तर भिंगांवर दव धरते. ती पिशवीतच बंद ठेवून सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

तिसरी पायरी : पाण्यावरच्या पक्ष्यांपासून आरंभ

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत झाडांकडे पाहूच नये, असे मी नवख्यांना सांगतो. पाण्यावरची बदके हिवाळ्यात सर्वांत कृतज्ञ विद्यार्थ्यासारखी समोर बसून असतात. विणीनंतर नर बदकांचा पिसारा काही काळ मादीसारखा फिका होतो, पण थंडीच्या मध्यापर्यंत बहुतेक नरांनी आपले रंगीत पीस पुन्हा धारण केलेले असते, त्यामुळे ओळख पटणे सोपे जाते.

तळ्यावर पोहोचल्यावर सूर्य पाठीशी येईल अशी बाजू घ्यावी. प्रकाशाविरुद्ध पाहिल्यास सगळेच पक्षी काळे दिसतात. नंतर रंगांकडे न पाहता, कोण काय करत आहे एवढेच पाहून पक्ष्यांचे दोन गट करावेत. काही बदके शेपूट वर आणि डोके पाण्याखाली अशी उलटी होऊन चरतात, ती उथळ पाण्यातली बदके होत. थापट्या, चक्रांग आणि तलवार बदक ही त्यांतली. काही पूर्ण बुडी मारून दिसेनाशी होतात आणि भलतीकडेच वर येतात, ती खोल पाण्यातली होत. शेंडी बदक आणि लालसरी या गटात मोडतात. केवळ या एका निरीक्षणाने अर्धी यादी गळून जाते.

थापट्याकडे मात्र जरा वेळ देऊन पाहावे, कारण त्याच्याइतके शिकवणारे बदक दुसरे नाही. त्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे शंभराहून अधिक बारीक दात असतात. एका धुक्याच्या सकाळी माझ्या नेहमीच्या तळ्यावर सुमारे चाळीस थापटे एकमेकांना खेटून गोल गोल फिरत होते. प्रत्येकाने मान पुढे ताणून चोच पाण्यात अर्धी बुडवलेली, आणि प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीशी. पुढचा पक्षी पायांनी पाणी ढवळतो, तळचे सूक्ष्म जीव वर येतात आणि मागचा ते चोचीच्या कंगव्यातून गाळून घेतो. चक्र पूर्ण होते तेव्हा पहिला हाही कोणाच्या तरी मागेच असतो. मी पाऊण तास उभा होतो, त्यात ते चक्र एकदाच मोडले, तेही वरून घार गेली तेव्हा, आणि घार जाताच पुन्हा जुळले. त्या पाऊण तासात मी एकही नवा पक्षी नोंदवला नाही, पण त्यानंतर आजतागायत थापट्या ओळखण्यासाठी मला त्याचा रंग पाहावा लागलेला नाही.

बदकांमध्ये मिसळलेले पण बदक नसलेले दोन पक्षी नवख्याला हमखास चकवतात. काळाकुळकुळीत, पांढरी चोच आणि कपाळावर गंधासारखी पांढरी खूण असलेला तो वारकरी. उडताना तो पाण्यावरून पाय आपटत लांबपर्यंत धावत जातो. मुठीएवढा, मळकट तपकिरी, मागून पिसांचा गोळा वाटणारा आणि सतत बुड्या मारणारा ती टिबुकली. टिबुकलीने बुडी मारली की मनात आकडे मोजावेत आणि ती कोठे वर येईल याचा अंदाज बांधावा. हा पोरखेळ नव्हे. पक्षी दिसत नसतानाही त्याच्याबद्दल विचार करण्याची सवय यातूनच लागते.

पाण्याच्या कडेला, दगडांवर आणि गटाराच्या तोंडाशी शेपूट सतत वरखाली करत चालणारे सडपातळ पक्षी हे धोबी. पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि छातीवर काळा डाग असतो. करड्या धोब्याची पाठ करडी, शेपूट फारच लांब आणि शेपटीखालचा भाग पिवळाधमक असतो. करड्या धोब्याला वाहते पाणी लागते, मग ते डोंगरातल्या ओढ्याचे असो की शहरातल्या नाल्याचे, आणि म्हणूनच ज्या नाल्याकडे आपण नाक दाबून पाठ फिरवतो तिथे हा देखणा पक्षी उभा असतो. आपल्या भाषेतील अशी नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण त्यांत पक्ष्याची हालचालच सांगितलेली असते. कपडे आपटल्यासारखी शेपूट आपटणारा तो धोबी, भिंतीवर किंवा दगडावर बसून शेपूट थरथरवणारा तो थिरथिरा, आणि भक्ष्य काट्यावर टोचून ठेवणारा तो खाटीक. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांनंतर लंडनच्या पडझड झालेल्या इमारतींमध्ये थिरथिऱ्यांनी घरटी केली होती. शहराचे उघडेबोडके दगड त्यांना डोंगरकड्यांसारखेच वाटतात, म्हणून बांधकामाच्या जागा आणि गच्च्या पाहताना त्यांची आठवण ठेवावी.

कुरवांच्या बाबतीत आरंभीच सावध करणे आवश्यक आहे. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात काळे नसते. ते पांढरे असून डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका असतो. शिवाय कुरवांना प्रौढ पिसारा येण्यास जातीनुसार दोन ते चार वर्षे लागतात आणि तोवर त्यांचे रंग दरवर्षी बदलत राहतात. पहिल्या हिवाळ्यात लहान कुरव आणि मोठे कुरव एवढाच भेद करता आला तरी पुरेसे समजावे. समुद्रकाठच्या शहरात चिखलावरच्या तुतारी आणि चिखल्या या पक्ष्यांसाठी भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे. ओहोटीला ते चिखलभर दूरवर पांगलेले असतात, तर पाणी चढू लागले की चिखल आकसतो आणि पक्षी काठाकडे ढकलले जातात, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत चांगले.

चौथी पायरी : झाडांवरील मिश्र थवे

पाण्यावर नजर बसली की झाडांकडे वळावे. ज्या शहरांत पानगळ होते तिथे हिवाळ्यातील उघड्या फांद्या ही निरीक्षकाला मिळालेली मोठी सवलत आहे. पण झाडांवर लहान पक्षी सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मग पाच मिनिटांत पंधरा पक्षी दिसतात, कारण थंडीत वल्गुली, वटवट्या, सुतार अशा निरनिराळ्या जातींचे पक्षी मिश्र थवा करून हिंडतात. अधिक डोळे असले की शिकारी पक्षी लवकर दिसतो आणि प्रत्येकाला खाण्यास अधिक वेळ मिळतो. हा वेळ त्यांच्या जीविताचा प्रश्न असतो, कारण कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात लहानसा पक्षी एका लांब रात्रीत ऊब राखण्यासाठी शरीराच्या वजनाचा सुमारे दहावा भाग जाळून टाकतो आणि तो दुसऱ्या दिवशीच्या तोकड्या उजेडात भरून काढावा लागतो.

थव्याच्या मागे धावू नये. तो कोणत्या दिशेने सरकत आहे हे पाहून, वळसा घालून पुढच्या झाडाखाली जाऊन उभे राहावे, म्हणजे थवा आपणहून डोक्यावर येतो. ओळखताना क्रम असा ठेवावा : प्रथम आकार, तोही चिमणी, मैना, कावळा यांच्या तुलनेत, नंतर चोच जाड की बारीक, शेपूट लांब की आखूड, मग पक्षी खोडावर चढतो की फांदीच्या टोकाला लोंबकळतो, आणि सर्वांत शेवटी रंग. नवखे लोक याच्या उलट करतात आणि धुक्यात, सावलीत फसतात.

कान उघडे ठेवावेत. विशेषतः कावळ्यांचा एखाद्या झाडाभोवती एकाएकी कालवा सुरू झाला तर तिकडे जावेच, कारण बहुधा त्या झाडात घुबड किंवा शिकारी पक्षी बसलेला असतो आणि कावळे त्याला पिटाळून लावत असतात. कबुतरांचा मोठा थवा अचानक उडून घट्ट गोळा झाला तर वर पाहावे. बहिरी ससाणा आता न्यूयॉर्क आणि लंडनसारख्या शहरांत उंच इमारतींवर राहतो व घरटीही करतो, त्याला उंच इमारत म्हणजे डोंगरकडाच आहे. शहराच्या दिव्यांच्या उजेडात तो रात्रीही शिकार करतो. उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी कबुतरांची विखुरलेली पिसे आणि पंखांचे सांगाडे सापडले तर त्या मनोऱ्याचे वरचे सज्जे दुर्बिणीने एकेक करून तपासावेत.

फोनवरील मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून नाव सुचवतात. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण सुचवलेले नाव पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहू नये. वाहनांच्या गोंगाटात अशी ॲप चुकतात, आणि चूक पकडण्याइतकी नवख्याची तयारी झालेली नसते.

पाचवी पायरी : सांजवेळ आणि रातथारा

सकाळी जमत नाही म्हणून खंत करणाऱ्यांसाठी हिवाळ्यातील संध्याकाळ आहे. सूर्यास्ताच्या सुमारे तासभर आधी एखाद्या मोकळ्या, उंच जागी उभे राहून आकाशात पक्ष्यांच्या रांगा कोणत्या दिशेने जात आहेत ते पाहावे. दुसऱ्या दिवशी त्या दिशेला एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा पाहावे. असे तीन-चार दिवसांत रातथारा, म्हणजे पक्ष्यांची रात्री एकत्र झोपण्याची जागा, सापडतो. पोपट, कावळे, मैना, बगळे यांचे रातथारे तर असतातच, पण धोब्यांसारखे दिवसभर एकेकटे दिसणारे पक्षीही रात्री शेकड्यांनी एकत्र येतात आणि त्यासाठी कित्येकदा रुग्णालयाच्या किंवा बाजाराच्या दारातील दिव्यांनी उजळलेली, उबदार झाडे पसंत करतात.

रोममधील ठिपकेदार स्टार्लिंग या मैनेच्या कुळातील पक्ष्याचे रातथारे जगप्रसिद्ध आहेत. तेथील टर्मिनी रेल्वेस्थानकाजवळच्या एका राजवाड्याच्या छतावरून शास्त्रज्ञांनी एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी त्या थव्यांची छायाचित्रे घेतली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून दिले की प्रत्येक पक्षी सभोवारच्या सगळ्यांकडे नव्हे, तर जवळच्या साधारण सहा-सात सोबत्यांकडे लक्ष ठेवून वळतो, आणि त्यातूनच हजारोंचा थवा एका देहासारखा हलतो. पुढे २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी हे या कामात सहभागी होते. शहरातल्या रस्त्यावर उभे राहून जे कोणालाही दिसते त्यातून असे विज्ञान निघते, म्हणून रातथाऱ्यासमोर अर्धा तास उभे राहणे वाया जात नाही.

रातथाऱ्यावर फ्लॅश किंवा विजेरी मारू नये. सुनसान जागी एकट्याने अंधार पडेपर्यंत थांबू नये, सोबत कोणी तरी असावे.

सहावी पायरी : नोंद आणि मोजणी

वहीत प्रत्येक फेरीची तारीख, आरंभाची व शेवटची वेळ, हवामान, जाती आणि प्रत्येकीची संख्या लिहावी. ‘पुष्कळ’ हा शब्द वहीत येऊ देऊ नये. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्यावे आणि मग तेवढे तुकडे संपूर्ण थव्यावर किती वेळा बसतात ते पाहावे. खिडकीतून किंवा बागेत एका जागी बसून मोजायचे असेल तर ब्रिटनमध्ये १९७९ पासून चालत आलेल्या बागेतील पक्ष्यांच्या वार्षिक गणनेचा नियम अनुकरणीय आहे : एक तास बसायचे आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तेवढेच लिहायचे. एकच वल्गुली दहा वेळा येऊन गेली तरी ती एकच राहते, त्यामुळे दुहेरी मोजणी आपोआप टळते.

ओळख पटली नाही तर नाव न लिहिता वेडेवाकडे का होईना चित्र काढावे आणि बाण दाखवून ‘येथे पांढरी पट्टी’ असे लिहावे. हे जागेवरच करावे. घरी जाऊन पुस्तक उघडले की पुस्तकातील चित्र आपल्या आठवणीवर चढते आणि आपण न पाहिलेलेही पाहिल्यासारखे वाटू लागते.

या नोंदी इतरांच्याही कामी येतात. २५ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या आवाहनानुसार उत्तर अमेरिकेत २७ जणांनी नाताळात पक्षी मारण्याऐवजी मोजले, आणि तेव्हा सुरू झालेली ती गणना आजही दर हिवाळ्यात होते. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात हौशी निरीक्षकच मोठ्या संख्येने भाग घेतात. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस चालणाऱ्या जागतिक परसबाग गणनेत तर पंधरा मिनिटांची नोंदही स्वीकारली जाते, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. वर्षभराच्या नोंदींसाठी २००२ पासून चालू असलेले ईबर्ड हे संकेतस्थळ आहे.

पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून

आपल्या पुढच्या पावलाने पक्षी मान उंचावून चरणे थांबवतो, तिथेच आपण थांबायचे. थंडीत प्रत्येक अनावश्यक उड्डाणाची किंमत त्याला रात्री मोजावी लागते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला पुढे बोलावू नये. घुबडांची बसण्याची जागा सापडली तर ती समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास कॅमेरे असतात आणि तिसऱ्या दिवशी घुबड नसते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

बदकांना पाव टाकू नये. त्यातून त्यांना पोषण मिळत नाही आणि उरलेला पाव पाण्यात कुजतो. दाणे ठेवायचे असतील तर भांडी नियमित धुऊन वाळवावीत. ब्रिटनमध्ये २००५ नंतर हिरव्या फिंचांमध्ये पसरलेल्या परजीवीजन्य रोगाने त्यांची संख्या फार घटली आणि दाण्यापाण्याच्या गलिच्छ जागांवर त्याचा प्रसार सहज होतो. त्याच देशात दाण्यांचा दुसराही परिणाम दिसला आहे. मध्य युरोपातील काळ्या टोपीचे वटवटे पूर्वी हिवाळ्यात भूमध्य सागराकडे जात, त्यांतले काही आता ब्रिटनमधील बागांच्या आधाराने तिथेच हिवाळा काढतात. मेलेला किंवा आजारी पाणपक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, कारण बर्ड फ्लूची शक्यता असते. स्थानिक प्रशासनाला किंवा वनखात्याला कळवावे.

हिवाळा सरत आला की आपल्या जागेवरील फेऱ्या कमी न करता वाढवाव्यात. कुरवांकडे लक्ष ठेवावे : डोळ्यामागचा ठिपका पसरू लागतो, काही आठवड्यांत डोक्यावर गडद टोपी चढते आणि एके दिवशी कठडा रिकामा असतो. थापट्यांचे चक्र लहान होत जाते. प्रत्येक जातीचा शेवटचा दिसलेला दिवस वहीत लिहून ठेवावा आणि त्याच पानावर पुढच्या हिवाळ्यातील पहिल्या दिवसासाठी एक रकाना मोकळा सोडावा.